जावयाला धोका कुणापासून?

अठ्ठ्याहत्तर सालच्या लग्नसराईत नाशिकच्या कलेक्टर कचेरीत सुमनबाई नंबर लागायची वाट बघत बसल्या होत्या. सायखेड्याच्या झुंबर पाटलांनी हातातली जड पिशवी त्यांच्या शेजारी बाकावर ठेवली आणि जावयाला घेऊन ते कारकुनाच्या टेबलापुढे उभे राहिले.

"पिस्तूल आणलंय, लायसन आणलंय, जावईबी आणलेत. मंग अडतंय कुठं, भाऊसाहेब?"

"लायसन तुमच्या नावावर आहे, पाटील. जावयाला द्यायचं तर आधी त्यांच्या नावावर लायसन हवं. तोवर नुसतं हातात दिलंत तरी दोघंही आत जाल."

"मंग काढा की त्यांच्या नावावर!"

"कारण काय लिहू? त्यांच्या जिवाला कुणापासून धोका आहे?"

"सांगा, जावईबापू. कोण हाय तुमच्या वाईटावर?"

"कुणी नाही, मामा. मी शाळेत चित्रकला शिकवतो."

"भाऊबंद तरी?"

"सगळे चांगले आहेत."

"आवो, पिस्तूल देतो म्हणून भर मांडवात शब्द दिलाय मी! भाऊसाहेब, मीच देतो यांना धमकी. लिहा, सासऱ्यापासून धोका."

"लिहीन. पण मग तुमचं लायसन रद्द होईल आणि पिस्तूल सरकारजमा."

"ऱ्हाऊ द्या मंग. धमकी मागं घेतली."

"थांबा, मामा. भाऊसाहेब, नक्की जमा होतं?"

"नक्की."

"मग लिहाच. ही माझी जुनी टोपी बघा, आरपार भोक पडलंय. काल मामा पिस्तूल कसं धरायचं ते दाखवत होते. टोपी खुंटीला होती म्हणून वाचलो."

"लगेच नवी घेऊन दिली की मी!"

सुमनबाई ताडकन उठल्या.

"पाटील, आधी ही पिशवी उचला."