कागदावर उतरलेली गच्ची

डोळ्यांत थेंब घालून शिवणवाल्या मावशी दवाखान्याच्या बाकावर डोळे मिटून बसल्या होत्या. शेजारच्या नवरा-बायकोचं बोलणं तेवढं कानावर पडत होतं.

“अगं, सोमवारपासून आमचा कारखाना बंद.”

“का? भिंगांत खोट निघाली?”

“छे! भिंगं चोख. पण आम्ही नुसती भिंगं करणार, कॅमेरे दुसऱ्यांचे. लोक आता फोनवरच फोटो काढतात. कॅमेरेच खपेनात, तर आमची भिंगं कोण घेणार?”

“आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार!”

“काल निघताना साहेबांनी एक भिंग हातात ठेवलं.”

“कॅमेऱ्याशिवाय त्याचं काय करायचं?”

“दुपारी खोलीत अंधार करायचा. एकच खिडकी उघडी ठेवून भिंग तिच्याकडे धरायचं आणि मागे पांढरा कागद. समोरची गच्ची कागदावर उतरते, अगदी रंगासकट. दोरीवरचे कपडेसुद्धा हलताना दिसतात.”

“अगंबाई! मग उद्या मी गच्चीत जाऊन उभी राहते.”

“डोकं खाली, पाय वर अशी दिसशील.”

“दिसू दे. इतक्या वर्षांत दुपारी मला बघायला तुम्ही घरी होतात कधी?”

आतून मावशींना हाक आली.

“आधी दुसऱ्या कुणाला घ्या,” त्या हळूच म्हणाल्या.