पुष्पावतीच्या बरणीतली कॉफी

नाव : अंगद कानिफनाथ वर्पे, वय ५२, धंदा : संस्कृत अध्यापन (हवालदारांनी ‘नोकरी’ असे लिहिले आहे), रा. नदीकाठची वस्ती, ता. संगमनेर, जि. अहिल्यानगर.

आज रोजी ठाण्यात समक्ष हजर राहून स्वखुशीने सांगतो ते असे :

वरील ठिकाणी मी आई केशरबाई हिच्यासह राहतो. पत्नी पुष्पावती नुकतीच दिवंगत झाली. डॉक्टरांनी हृदयविकार असे कारण लिहिले. शवविच्छेदन झाले नाही.

पुष्पावती बचत गटासाठी कॉफी तयार करीत असे. तीत औषधी अळंबीची पूड, अश्वगंधा व शतावरी यांचा योग असून, ते पेय मनस्तापहारक, बुद्धिवर्धक व आयुष्यवर्धक असल्याचे तिचे प्रतिपादन होते. येथे हवालदार भिमाजी यांनी, "मास्तर, सोपं सांगा, मला लिहायचं हाय," अशी सूचना केली. सोपे असे की, कॉफीला मातीचा वास येई.

अळंबीची पूड कुरियरने येई. या खेपेस पार्सल आले नाही, म्हणून पुष्पावतीने बांधावरील वारुळाशेजारची अळंबी वाळवून दळली व कॉफीच्या बरणीत मिसळली. हे मला आज आईकडून समजले. वारुळाशेजारी उगवते ती नागोबाची, ती बाधत नाही, असा आमच्याकडे समज आहे. आईचाही दुपारपर्यंत होता.

आज तेरावा. सौभाग्यवती गेल्यास त्या दिवशी तिच्या नावाने सवाष्ण जेवू घालून मृतेच्या आवडीचे वाढतात. सवाष्ण म्हणून शेजारच्या निकिता बसल्या होत्या. जेवणानंतर आईने त्यांना त्याच बरणीतील कॉफी दिली. त्या म्हणाल्या, "व्हय, पुष्पाताईच्याच हातची चव हाय. आत चुलीपाशी बसल्यात असं वाटतंय." त्यावर आई उठून आत पाहून आली.

तासाभरात निकिता यांना उलट्या झाल्या, दरदरून घाम आला व नाडी मंदावली. पुष्पावतीलाही शेवटच्या दिवशी असाच घाम आला होता. निकिता दवाखान्यात असून शुद्धीवर आहेत. बरणी आपल्या ताब्यात दिली आहे. तपासणीत काय निघेल ते मी विचारलेले नाही.

मला बाधा कशी झाली नाही, असे विचारल्यावरून सांगतो की, मी चहाचा एकनिष्ठ उपासक आहे. पुष्पावती रोज सकाळी दोन कप कॉफी करी, पैकी एक माझ्यासाठी. मी नको म्हटले की, वाया जाऊ नये म्हणून तोही तीच पिई. त्या दिवशीही मी नको म्हटले.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.

हा जबाब मला वाचून दाखवला. दोन कपांचा भाग मी पुन्हा वाचायला लावला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

सही