शरमेची नस कितवी?

...आणि वर त्या सगळ्या पाठ करायच्या! एक नाही, दोन नाही, बारा! बारा नसा आहेत डोक्यात, आणि नावं अशी, की म्हणता म्हणता आपलीच जीभ लुळी पडावी! पहिल्या दोघी वरच्या मजल्यावरच्या, त्यांचं सोडा, पण बाकीच्या दहा येतात कुठून? तर मेंदूच्या देठातून! वांग्याला असतो ना देठ, तसा मेंदूला खालून एक देठ, जेमतेम अंगठ्याएवढा, आणि श्वास तिथून, गिळणं तिथून, उचकीसुद्धा तिथून! तुम्हाला सांगतो, वास घ्यायला एक नस, बघायला एक, डोळा फिरवायला तर तीन-तीन... आणि शरमेला? शरमेला एक नाही! बघा शोधून! मी सगळं पुस्तक उलटंपालटं केलं, नाही म्हणजे नाही.

मी तौसिफ. तौसिफ शेख, राहणार खापर, तालुका अक्कलकुवा, एमबीबीएस पहिलं वर्ष. टाळ्या नकोत, आधी ऐका तर खरं.

माझे अब्बा म्हणजे जहीर मास्तर. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हे हो, बँडचे! ब्रास बँड! लाल कोट, सोनेरी झालर, खांद्यावर लोंबत्या झुपक्यांच्या चवऱ्या, आणि हातात क्लॅरिनेट. अक्कलकुव्यापासून तळोद्यापर्यंत त्यांनी फुंकल्याशिवाय नवरदेव घोड्यावरून उतरत नाही. त्या फुंकीवर मी बारावी केली, त्या फुंकीवर नीटचा क्लास केला, आणि होस्टेलच्या पहिल्या दिवशी पोरांनी विचारलं, "वडील काय करतात रे?" तर मी काय म्हणावं? म्हणालो, "संगीत शिक्षक." तोंडातून निघूनच गेलं! आणि एकदा निघालेलं आत कसं घालणार? मग थापेला थाप जोडत पुढं शाळा आली, पेन्शन आली, एका गॅदरिंगला तर गप्पांत मी त्यांना हार्मोनियमसुद्धा दिली. बारा नसा, आणि शरमेची एक नाही!

तर झालं काय, मार्च महिना. लग्नाचा हंगाम तोंडावर, आणि इकडे नंदुरबारला कॉलेजात सातवी नस शिकवणं चाललेलं. सातवी म्हणजे चेहऱ्याची. हसणं, डोळा मिटणं, गाल फुगवणं, शिट्टी, फुंकर, सगळा कारभार तिच्याकडे. आणि गंमत बघा, देठातून सरळ बाहेर यायचं सोडून ही बाई आधी सहावीच्या ठिकाणाला वळसा घालते आणि मग निघते. का घालते? मॅडमना विचारलं, तर म्हणाल्या, "परीक्षेत एवढंच लिही की घालते."

या सुनिता मॅडम. शिकवायला एक नंबर. म्हणाल्या, "चित्रं पुरे झाली, आज खरा पेशंट बघू, ओपीडीतून आणलाय." आणि दार उघडलं...

लाल कोट! सोनेरी झालर! चवऱ्यांसकट! पाठीवर अक्षरं, 'ब्रास बँड, खापर'. पन्नास पोरं खुसखुसली. कोटात माझे अब्बा, आणि त्यांचं तोंड... उजवी बाजू पार ओघळलेली. डोळा मिटत नाही, त्याला पाणी, ओठाचा कोपरा खाली. सकाळी उठले तर असं. ढोलवाला रेवजी म्हणाला, वारं लागलं. शेजारी म्हणाले, लकवा, कबुतराचं रक्त चोळा. अब्बांनी काय केलं? संध्याकाळी तळोद्याचं लग्न होतं म्हणून कोट चढवला आणि आधी एसटीनं नंदुरबार गाठलं. मला फोन केला नाही. पोरगा अभ्यासात असेल म्हणून! हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं, की कोट आलाय, आणि कोटाच्या आत कोण आहे ते फक्त मला ठाऊक आहे.

मॅडमनी केसपेपर वाचला. "जहीर शेख, खापर. अरे तौसिफ, तूपण खापरचाच ना? ओळखतोस का यांना?"

आता बघा. गाल हलवायचे नव्हते, शिट्टी मारायची नव्हती. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. हो! सगळ्या नसा शाबूत होत्या माझ्या, बाराच्या बारा! आणि मी म्हणालो, "नाही मॅडम."

मग अब्बा बोलले. आम्ही घरात हिंदी बोलतो बरं का, आपली खानदेशी, मोडकी. अहिराणी बाजारात, परक्यांशी. तर माझ्याकडे बघून, अर्ध्या तोंडानं, अहिराणीत म्हणाले, "नही बाई, हाऊ पोऱ्या आमना गावना नही शे. आमना गावमा इतला शिकेल कोनी नही."

परक्यांची भाषा! माझ्याशी! जमीन दुभंगली तर बरं, असं वाटलं, पण ती दुभंगते कसली, फरशी नवीन होती.

वर मॅडम म्हणतात, "तौसिफ, पुढे ये. तूच तपास." झालं! मी उभा, अब्बा स्टुलावर. "बाबा," म्हणालो मी. जन्मात अब्बांना बाबा म्हटलं नव्हतं. "बाबा, भुवया वर करा." "करस, साहेब." साहेब! डावी भुवई वर गेली, उजवी जागेवर. "डोळे घट्ट मिटा." एक मिटला, दुसरा माझ्याकडे बघत राहिला. मिटेचना तो! "दात दाखवा." तोंड एकीकडे ओढलं गेलं. "गाल फुगवा..." आणि अब्बांनी गाल फुगवला. तोच गाल हो, ज्यानं वीस वर्षं अख्ख्या वराती नाचवल्या! उजवीकडून फुस्स करून हवा निघून गेली. मागून कुणीतरी हसलं. मी त्याला मारायला हवं होतं. मी पेन उघडलं.

"बोल," मॅडम म्हणाल्या, "बिघाड मेंदूत की नसेत?"

"नसेत, मॅडम. कपाळालाही आठी पडत नाही. मेंदूतला असता, तर कपाळ वाचलं असतं."

"शाब्बास!" पन्नास जणांसमोर शाब्बास! अब्बांच्या चांगल्या बाजूला हसू आलं. आणि त्यांनी विचारलं, मॅडमना नाही, मला, "साहेब, मन्हं तोंड हाईच मन्हं पोट शे. परत फुकता ई का?"

मी म्हणालो, "येईल. बहुतेक येईल. गोळ्या चुकवू नका, डोळ्यात थेंब घाला, रात्री डोळ्यावर पट्टी." एवढं बोललो आणि पेनला टोपण लावलं.

ते गेले. खिडकीतून दिसत होते, लाल कोट, एकटे, एसटी स्टँडकडे चाललेले. मागे धावायला कितीसा वेळ लागला असता? पुढचा तास सुरू झाला आणि मी आठवीच्या नोट्स काढल्या. बारा नसा, शरमेची एक नाही, म्हणून तर बसून राहता आलं!

ईदला घरी गेलो. तोंड बरंच जागेवर आलेलं. अम्मीला वर्गातलं काहीच ठाऊक नव्हतं, म्हणजे अब्बा बोललेच नव्हते. मला वाटलं, सुटलो. संध्याकाळी चहाच्या टपरीवर रेवजी, बँडची सगळी मंडळी, आणि अब्बा मधोमध सुरू झाले, "आरे, एक पोऱ्या डाक्टरनी मन्हं थोबाड तपासं! बराबर सांगं, हाई नसनं दुखनं शे, मेंदूनं नही. काय हुशार पोऱ्या!" रेवजी म्हणाला, "तौसिफ, तू वळखस का त्याले?" सगळे माझ्याकडे वळले.

मी म्हणालो, "ओळखतो. माझ्याच वर्गात आहे. हुशार असेल, पण माणूस बरा नाही."

अब्बांनी चहाचा कप खाली ठेवला. मग हळूच, आमच्या घरच्या हिंदीत, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "ऐसा मत बोल. कभी घर लेके आ उसको. अम्मी के हाथ का खाना खिलाएंगे."

तीन सुट्ट्या झाल्या त्याला, तुम्हाला सांगतो. दर सुट्टीला एसटीत बसतो, खापरला उतरतो, घरी जातो, दोघांचं जेवतो... आणि त्या पोऱ्या डाक्टरला घरी घेऊन जायचं, ते काही अजून जमलेलं नाही.