‘धाग्याले’

पोरांच्या गळ्याची शपथ, हा किस्सा अक्षर न् अक्षर खरा आहे. बरं, पोरांना मध्ये नको आणायला. थोडा मसाला आहे त्यात.

सत्तरच्या आसपासची गोष्ट. बी.एस्सी.चं प्रॅक्टिकल, आणि माझ्या शेजारच्या मायक्रोस्कोपवर भिवापूरचा वासुदेव. नापास झाला असता, तर बाप त्याचं शिक्षणच बंद करणार होता. बाहेरगावच्या परीक्षकांनी त्याची कांद्याच्या मुळाची स्लाइड पाहिली आणि विचारलं, "पेशी दुभंगायला आली, तरी क्रोमोसोम मध्येच का थांबलेत?"

वासुदेव म्हणाला, "सर, एक जरी क्रोमोसोम दोन्हीकडच्या धाग्याले बांधाचा राहिला, त पेशी थांबून राहते. त्याले सोडून पुढं जात नाही."

"धाग्याले? त्याले? ही पेशी आहे की बैलगाडी? आधी मराठी शिकून ये!"

सगळी लॅब हसली. मी ताडकन उठलो, म्हणालो, "सर, उत्तर बरोबर आहे!"

तरी वासुदेव नापास झाला. पुन्हा कधी कॉलेजात दिसला नाही.

यात मी उठलो, तेवढं बनवलेलं आहे. खरं तर सगळ्यांत मोठ्यानं मीच हसलो होतो, कारण घरी मीही ‘मले-तुले’च बोलायचो.