लालीचं मटन आणि माझा नवस

आमचे आजोबा भंडाऱ्याकडून रेल्वेच्या कामावर रायपुरात आले आणि इथलेच झाले, माझा जन्म इथल्या ब्राह्मणपारा मोहल्ल्यातला, घरात मराठी, बाहेर हिंदी, आणि कुत्र्यासंग म्हणाल तर इंग्रजी, सिट, स्टे, गो. हो, मी पोलिसातला कुत्रेवाला. लोक हासत, म्हणे मॅट्रिक शिकला आन कुत्रं फिरवून राहिला. हासा म्हटलं.

लाली माझ्याकडे आली तेव्हा एवढीशी होती, तांबूस, एक कान पडलेला. वासावरून गांजा शोधाचं काम तिचं. आठ डबे ओळीनं ठेवाचे, एकात गांज्याची पुडी, लालीनं हुंगत जाचं आन त्या डब्यापुढे बसाचं. बसली की माझ्या खिशातून उकडलेल्या मटनाचा तुकडा. आमची मंडळी रोज सकाळी परसातल्या स्टोव्हवर उकडून देत होती, बिनमिठाचं, कुरकुर करे पण देये. श्रावणात ते घरात चालत नाही, तर मी हाटेलातून उकडून आणत होतो. चार वर्षं असंच. लालीले गांजा काय माहीत, तिले एवढंच माहीत की हा वास आला म्हणजे माझ्या हातात मटन आहे. डोळे मिटून घेत होती हातातून, काय सांगू तुम्हाले. शेजारच्या पिंजऱ्यात साहूचा शेरू होता, साहू माझ्यासारखाच कुत्रेवाला, पण इथलाच, छत्तीसगढी, तो शेरूले पहिल्यापासून कोरड्या रोटीचा तुकडा देये. मी चिडवत होतो त्याले, तुझ्या कुत्र्याचं नशीबच कोरडं.

मग नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झाली, जिकडे पाहा तिकडे लाल दिव्याच्या गाड्या. खात्यात आदेश आला, राजधानीचं नवं पथक बनणार, परीक्षा होईल, पास होईल ते कुत्रं आणि त्याचा माणूस पथकात, नापास होईल ते कुत्रं खात्यातून बाहेर. लाली कधी चुकली नव्हती, पण लेकराची परीक्षा म्हणजे बापाले झोप येते का? परीक्षा नेमकी श्रावणाच्या शेवटी. तर मी नवस बोललो महादेवाले, लाली पास होऊ दे, श्रावणभर मटनाले बोटसुद्धा लावणार नाही.

आता बोट लावाचं नाही तर लालीले काय देऊ? मी घरून गूळ-पोळी नेली, साजूक तुपातली. म्हटलं देवाचा महिना आहे, तिलेही पुण्य लागंल.

पहिल्या दिवशी लाली बरोबर डब्यापुढे बसली, मी पोळी देल्ली, तिनं तोंडात घेतली आणि खाली टाकली. माझा हा खिसा हुंगला, तो खिसा हुंगला, मग माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. दोन-तीन दिवसांनी चाल मंदावली. आठव्या दिवशी तर डब्यांपुढून अशी गेली, जशी गोल बाजारात कोणी नुसतंच फिराले येते. आणि तिकडे शेरू कोरड्या रोटीसाठी धावून राहिला! माझी पोळी त्या रोटीहून बरी होती की नाही, तुम्हीच सांगा. साहू म्हणे, भैया, मेरे वाले ने रोटी ही देखी है, तेरी वाली मटन सोच के बैठती है, कल मटन ला. मी म्हटलं, नवस आहे. तो म्हणे, हव, पर मन्नत तूने मांगी है, उसने थोड़े ही मांगी है. मी नाही ऐकलं, उलट वाटलं हा माझ्यावर जळून राहिला.

परीक्षेच्या दिवशी साहेब लोक खुर्च्या टाकून बसले होते. लाली पाचव्या डब्यापाशी थांबली. नाक हाललं, शेपूट ताठ झालं, मले समजलं की तिले समजलं. तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि पुढे निघून गेली, कुठंच बसली नाही. साहेबानं नापास लिहिलं. शेरू पास, साहू पथकात.

मले इतका राग आला, म्हटलं बेईमान, चार वर्षं पोरीसारखं खाऊ घातलं आणि ऐन वेळी दगा देल्ला. पंडरी बाजारातल्या एका कपडेवाल्यानं तिले गोदामाच्या राखणीले नेलं, मी पाठीवरून हातही फिरवला नाही. घरी येऊन दग्याचंच रडगाणं लावलं तर आमची मंडळी भाकरी थापता थापता म्हणे, तिनं हुंगलं होतं का जी? म्हटलं, हुंगलं होतं. मंग मटन नाही तर काहून बसंल ती, दगा कोणं कोणाले देल्ला? मी जेवलोच नाही.

त्याले आता तीन वर्षं झाली, मी कुत्रे सोडले, आवक-जावकच्या टेबलावर बसतो. दर रविवारी पंडरीले जातो, खिशात उकडलेलं मटन घेऊन, श्रावणातसुद्धा. लाली ओळखते, शेपूट हालवते, धावत येते. पण तुकडा पुढे केला की आधी माझ्या तोंडाकडे पाहते, मग हुंगते, पुन्हा हुंगते, मग खाते. डोळे उघडेच. बरोबर आहे तिचं. देव तिले सुखी ठेवो, आणि पुढच्या जन्मी नवस बोलणारा माणूस नको देऊ म्हणा.