आनंदचं ऑफिस नेमकं आहे कुठे?

...आणि वर तोंड करून म्हणतात काय, तर "घरीच असतो ना तो!" अहो, घरी असतो म्हणजे रिकामा असतो का? तुम्हाला सांगतो, आमच्या वारज्याच्या सोसायटीतला हा आनंद, मूळचा अकोल्याचा, कंपनी बंगळुरूची, गिऱ्हाईक अमेरिकेचं आणि ऑफिस? डायनिंग टेबलाचा एक कोपरा! दुसऱ्या कोपऱ्यावर आई मेथी निवडतेय, मागे वॉशिंग मशीन थरथरतंय... शालूकाकूंचं पार्सल आलं, ठेवा आनंदकडे, घरीच असतो ना तो! सोसायटीची टाकी धुवायला माणसं आली, लक्ष कोण देणार? घरीच असतो ना तो!

एकदा गिऱ्हाइकाशी महत्त्वाचं बोलणं चाललंय, माइक चालू, आणि मुक्ताई, म्हणजे त्याची आई, स्वयंपाकघरातून ओरडतात, "आनंदा, वांग्यात दाने टाकू का तीळ? काहून बोलत नाहीस रे?" दुसऱ्या दिवशी तो अमेरिकन साहेब विचारतोय, "व्हॉट इज काहून?" आता काय सांगणार, कपाळ?

पण हसण्यावारी नेऊ नका हं. पोरगं आतून पार खचलं होतं. गॅलरीतून स्वयंपाकघर, स्वयंपाकघरातून गॅलरी, नुसत्या येरझारा. दाढी करायची, पण कुणासाठी? पँट घालायची, पण कॅमेऱ्यात दिसते कुठे? कुकरची शिट्टी झाली तरी दचकायचा. आणि त्यात ऋचा! कॉलेजातली मैत्रीण, दोघांनी लग्नाचं ठरवलेलं, अडलं होतं ते तिच्या वडिलांपाशी. शरच्चंद्रराव, शनिवार पेठ, सरकारी कचेरीतून निवृत्त. भर दुपारी घरच्या कपड्यांत आनंदला बघितलं आणि म्हणाले, "आपण नोकरी करता, की आजारी आहात?"

"काका, माझं काम रिमोट आहे."

"रिमोट आमच्या टीव्हीलाही आहे. ऑफिस असेल तर दाखवा. नसेल तर मुलगी अविवाहित राहिलेली परवडेल."

झालं! रात्रभर तळमळला बिचारा आणि सकाळी ऋचानंच सुचवलं, "अरे, कर्वे रोडला ते को-वर्किंग आहे ना, भाड्यानं बसायला मिळतं ते, तिथे टेबल घे की." घेतलं! आणि तुम्हाला सांगतो, पहिल्या दिवशी बूट घालताना मुक्ताईंनी विचारलं, "कोनाच्या लग्नाले चालला?"

तिथे काय, तर पाठ टेकेल अशी खुर्ची, न अडखळणारं नेट, फोनवर बोलायला काचेची खोली, आणि अहो, शांतता! इतकी, की याला आधी काही सुचेचना. मग दुपारी शेजारच्या टेबलावरची नम्रता, मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते ती, म्हणाली, "जेवायला येताय ना?" एवढंच हो. पण कामाच्या जागी कुणी जेवायला बोलावतं, हे विसरलाच होता तो! महिन्याभरात माणसासारखा झाला, दाढी काय, इस्त्री काय, जिन्यात शीळ काय... आणि सोसायटीत अजून तेच, "कुठे गेला? घरीच असतो ना तो!"

मग आले शरच्चंद्रराव. तपासणीला! दारातच सुरू.

"पाटी कुणाची ही?"

"काका, इथे बऱ्याच कंपन्यांची माणसं बसतात."

"म्हणजे धर्मशाळा. खुर्ची तुमची?"

"रिकामी असेल ती."

"म्हणजे वाचनालय. साहेब कुठाय?"

"बंगळुरूला."

"सुखी आहे."

आणि नेमका त्याच वेळी गिऱ्हाइकाला नवं काम दाखवायचा कॉल, सगळ्या वर्षाची मेहनत त्यात, आणि आनंदचा लॅपटॉप ठप्प! पडदा काळा! घाम फुटला हो पोराला, समोर होणारा सासरा, पलीकडे अमेरिका... नम्रतानं आपलं चित्र अर्धवट टाकलं, स्वतःचा लॅपटॉप याच्यापुढे सरकवला. त्याची बॅटरी संपत आलेली! पलीकडच्या टेबलावरचा समाधान, हिशेबाची कामं करणारा, चार्जर घेऊन धावला. पण भिंतीतलं सॉकेट ढिलं! प्लग दाबून धरला की चालू, सोडला की बंद. जवळ मोकळं कोण? शरच्चंद्रराव!

"काका, दाबून धरा! आणि अजिबात हलू नका!" नम्रता ओरडली.

त्यांच्यावर? शनिवार पेठेवर? आणि शरच्चंद्ररावांनी धरला की! अर्धवट वाकून, अंगठा प्लगवर, कॉल संपेपर्यंत. मधे नाक खाजलं तर नाक भिंतीला घासलं, पण अंगठा? हलला नाही!

काम पसंत पडलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शरच्चंद्रराव कंबर धरून सरळ झाले, म्हणाले, "ही मंडळी तुमच्या कंपनीतली?"

"नाही काका."

"मग धावली का?"

"शेजारी बसतात ना."

शरच्चंद्ररावांनी दुखरा अंगठा चोळला. मग हळूच म्हणाले, "आमच्या कचेरीत शेजारचा पेन देत नसे." कॉफी घेतली. दुसरी घेतली. आणि उठताना, "मुहूर्ताचं बघा," म्हणाले!

लग्न झालं, उत्तम झालं, अजिबात तक्रार नाही. मुक्ताई खूश, ऋचा खूश. पण शरच्चंद्ररावांना जागा इतकी आवडली, इतकी आवडली, की आता घराण्याचा इतिहास लिहायचा म्हणून त्यांनीही तिथेच टेबल घेतलंय. आनंदच्या बरोब्बर समोर! याला जरा जांभई आली की ते चष्म्यावरून बघतात.

परवा याला लवकर निघायचं होतं. बंगळुरूच्या साहेबानं एका मेसेजवर हो म्हटलं. सासरे म्हणाले, "अर्ज द्या, बघतो."