मीठ बघायला तिघं

...नाही, हसू नका, तुम्हीच सांगा, मी मागितलं तरी काय होतं? एक वाटी सूप! हिरेमोती नाही मागितले... अंगात ताप, नाक असं बंद की डोक्यात कुणी उशी कोंबलीय, आणि आमचे हे दारात उभे राहून विचारतात, "तू झोप गं, मी करतो सूप... फक्त मिरपूड कुठे असते?" बावीस वर्षं झाली लग्नाला, बावीस! मिरपुडीने एकदा तरी जागा बदलली असेल का हो?

उठले. करते काय! गाजरं, टोमॅटो, आल्याचा तुकडा, चार लसूण पाकळ्या, कुकरला लावलं, शिट्ट्या झाल्या, घोटलं, गाळलं, उकळी आणली, वाटीत घेऊन एक घोट प्यायले... आणि काही कळेचना! जिभेला साखर काय नि साबण काय, सगळं सारखंच! आणि तुम्हाला सांगते, इथेच माझी अक्कल शेण खायला गेली. मी म्हटलं, "अहो, जरा मीठ बघता का?"

बघितलं. माझ्याच वाटीने, वाटीभर! का, तर "चमच्यात अंदाज येत नाही गं. आईला विचार." सासूबाईंनी तीच वाटी घेतली, "मीठ ना... थांब हं... गिळल्यावर कळतं... जरासं कमी आहे. आहे ना? अजून एकदा बघते." चिमूटभर टाकलं. टाकलं म्हणजे पुन्हा बघायला नको? तेवढ्यात नणंदबाई आल्या, छत्री परत द्यायला, फक्त छत्री! "वहिनी, तू बस गं, तुला बरं नाही, आण, मी बघते." आणि पाव घेतला. मला सांगा, मीठ बघायला पाव कशाला लागतो? अहो, ती वाटी माझी उष्टी आहे, असं सांगायला मी तोंड उघडलं आणि शिंक आली. पातेल्यात? छे हो, बाजूला... बहुतेक.

शेवटी तिघांचं एकमत झालं, मीठ अगदी बरोबर! आणि पातेलं रिकामं! मी मागितलं तरी काय होतं? एक वाटी सूप! डोळ्यांत पाणी आलं माझ्या, आणि ते सर्दीचं नव्हतं. गरम पाणी प्यायले नि भिंतीकडे तोंड करून झोपले.

तिसऱ्या दिवशी मी ठणठणीत. सुंठीवाचून खोकला गेला! आणि घरात? तीन अंथरुणं, तीन बंद नाकं, छत्रीवाल्या नणंदबाईही तिथेच आडव्या, आणि तिघांचा एकच सूर, "सूप कर ना गं!"

केलं. पातेलंभर केलं. आता चव कळणारी जीभ घरात एकच, मग मीठ कोण बघणार? मीच! चमच्यात अंदाज येत नाही म्हणून वाटीने बघितलं. गिळल्यावर कळतं म्हणून पुन्हा बघितलं. पावही घेतला... तळ दिसेपर्यंत अगदी नीट बघितलं हो!

मग त्याच पातेल्यात गरम पाणी ओतलं, रंगापुरता चमचाभर सॉस, वर मिरपूड, आणि तीन वाट्या नेऊन दिल्या. सासूबाईंनी डोळे मिटून घोट घेतला. म्हटलं, झालं, पकडली गेले! तर म्हणतात कशा, "बावीस वर्षांत आज पहिल्यांदा जमलं हो तुला!"

आणि मी मेली इतकी वर्षं भाज्या चिरत बसले!